फुटबॉलमधल्या बदल्या, एजंट आणि पैसा: पालकांना आणि पोरांना पडणारे प्रश्न

सोयाबीन निघालं, कापसाचा पहिला वेचा झाला की आमच्या वरुड-मोर्शी भागात शाळेची मैदानं संध्याकाळी भरायला लागतात. त्याच सुमारास पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या माझ्याकडे पालकांचे फोनही वाढतात. कबड्डी आणि क्रिकेटच्या या मुलखात फुटबॉल खेळणारी पोरं मोजकीच, पण युरोपातल्या सौद्यांचे आकडे मोबाइलवर सगळेच पाहतात. मग कोणी पोराच्या वजनाइतकी स्वप्नं बांधतो, कोणी ‘हे सगळं काळं-पांढरं करायचं काम’ म्हणून मोकळा होतो. खालचे प्रश्न मैदानावर आणि फोनवर खरोखर विचारले जाणारे आहेत. काहींची भाषा झाडून घेतली, काहींची तशीच बरी वाटली.

क्लब खेळाडूला विकतो म्हणजे काय? माणूस विकता येतो का?

माणूस नाही, करार. खेळाडूने एका क्लबाशी चार-पाच वर्षांचा करार केलेला असतो. तो संपायच्या आत दुसऱ्या क्लबाला तो हवा असेल, तर पहिल्या क्लबाने त्याला मोकळं करायला हवं. मोकळं करण्याची जी किंमत ठरते, तिला ट्रान्सफर फी म्हणतात. ती ठरली तरी खेळाडूची स्वतःची सही लागतेच. त्याने ‘मला नाही जायचं’ म्हटलं की दोन्ही क्लबांचे मालक हात चोळत बसतात. हे वर्षभर कधीही करता येत नाही. नोंदणीसाठी वर्षातून दोन खिडक्या उघडतात, एक मोठी, एक छोटी.

आयपीएलच्या लिलावासारखंच आहे ना हे?

नाही, आणि सगळा गोंधळ इथेच होतो. आपल्या अमरावतीच्या जितेश शर्मासाठी बंगळुरूच्या संघाने 2025 च्या हंगामाला 11 कोटींची बोली लावली. ते 11 कोटी म्हणजे त्याचं मानधन. आधीच्या संघाला त्यातलं काही मिळालं नाही. फुटबॉलमध्ये ट्रान्सफर फी जुन्या क्लबाला जाते. खेळाडूचा पगार नवा क्लब वेगळा देतो, सहीचा बोनस वेगळा, आणि एजंटची दलाली त्याहून वेगळी. म्हणजे ‘अमुक पोरगा हजार कोटींना गेला’ असं वाचलं, तर ते हजार कोटी त्या पोराच्या खात्यात गेलेले नसतात.

सगळ्यात मोठा सौदा कोणता?

2017 चा नेमारचा. पॅरिस सेंट-जर्मेनने त्याच्यासाठी बार्सिलोनाला 22 कोटी 20 लाख युरो दिले. त्या वेळच्या दराने साधारण 1,650 ते 1,700 कोटी रुपये. घासाघीस झालीच नाही. स्पेनमध्ये खेळाडूच्या करारातच सुटकेची रक्कम लिहिलेली असते, तेवढी भरली की क्लबाला अडवता येत नाही. बार्सिलोनाला वाटलं होतं एवढी रक्कम कोण भरणार? भरली.

एजंट नेमकं करतो काय?

वरुडचा कास्तकार संत्र्याचा बगीचा झाडावरच देतो, तेव्हा मधला दलाल व्यापाऱ्याला घेऊन येतो, झाडाखाली उभं राहून मालाचा अंदाज बांधतो, इसार ठरवतो आणि सौदा जुळला की आपली दलाली घेतो. पुढे गारपिटीत बगीचा गेला तरी त्याची दलाली परत येत नाही. एजंटचंही तसंच आहे. कोणत्या क्लबाला डावा बॅक हवाय, कोणाचा करार संपत आलाय, कोणता मालक घाईत आहे, ही बातमी त्याच्याकडे असते आणि त्याच बातमीचे तो पैसे घेतो.

चांगले एजंट याहून पुष्कळ जास्त करतात. करार वाचतात, जाहिरातींचं पाहतात, खेळाडू जायबंदी झाला तर डॉक्टर शोधतात, परक्या गावात घर मिळवून देतात. पण मोठी कमाई कराराच्या सहीवर ठरते, हे लक्षात ठेवावं. पोरगा नव्या क्लबात खेळला की बाकावर बसून राहिला, यावर ती फारशी अवलंबून नसते. एकाच क्लबात सुखाने दहा वर्षं खेळणारा खेळाडू एजंटच्या दृष्टीने तसा कमी फायद्याचा.

क्लब एजंटांवर किती खर्च करतात?

इंग्लंडची फुटबॉल संघटना हे आकडे दरवर्षी जाहीर करते, त्यामुळे तिथलं नीट सांगता येतं. फेब्रुवारी 2023 ते फेब्रुवारी 2024 या वर्षात प्रीमियर लीगच्या 20 क्लबांनी एजंटांना 40 कोटी 96 लाख पौंड दिले. रुपयांत चार हजार कोटींच्या वर. एकट्या चेल्सीचे 7 कोटी 51 लाख पौंड, मँचेस्टर सिटीचे 6 कोटी 6 लाख. त्याच्या आदल्या वर्षी सगळ्या 20 क्लबांची बेरीज 31 कोटी 82 लाख होती, म्हणजे एका वर्षात 9 कोटी पौंडांची उडी.

जगभराचा हिशेब फिफा, म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना, मांडते. 2023 मध्ये एका देशातून दुसऱ्या देशात झालेल्या बदल्यांत क्लबांनी एकमेकांना 963 कोटी डॉलर दिले आणि एजंटांना वर 88 कोटी 81 लाख डॉलर. हे फक्त सीमेपलीकडचे सौदे. देशातल्या देशात होणाऱ्या बदल्या यात धरलेल्या नाहीत.

एवढे पैसे क्लब देतात तरी काहून? एजंटाले बाजूला सारता येत नाही का?

सारायला पाहतात, पण जमत नाही. त्याचं मूळ 1995 मध्ये आहे. जाँ-मार्क बोसमान नावाच्या बेल्जियन खेळाडूचा करार संपला होता, तरी जुना क्लब फी मिळाल्याशिवाय त्याला सोडेना. तो युरोपीय न्यायालयात गेला आणि 15 डिसेंबर 1995 ला निकाल लागला: करार संपला की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबाला फी मागण्याचा हक्क नाही. खेळाडूंच्या दृष्टीने निकाल न्यायाचाच होता. पण त्याने ताकदीचा काटा फिरला. करार संपत आलेल्या खेळाडूसाठी फी द्यायची नसेल, तर ते वाचलेले पैसे खेळाडू आणि त्याचा एजंट आपल्याकडे ओढणारच. मेस्सी 2021 मध्ये पॅरिसला गेला, एम्बापे 2024 मध्ये रेआल माद्रिदला गेला, दोघेही ‘फुकट’. फी शून्य, बाकी काहीच शून्य नाही.

दुसरं कारण, एकाच एजंटच्या हाताखाली वीस-पंचवीस बडे खेळाडू असतात. आज त्याला दुखवलं तर उद्याचा स्ट्रायकर तो दुसऱ्या क्लबाच्या दारात नेऊन उभा करेल. क्लबाचे अधिकारी हे जाहीर बोलत नाहीत, पण चेक फाडताना डोक्यात हेच असतं.

पॉल पोग्बाचा सौदा यातला मासला. मँचेस्टर युनायटेडच्या स्वतःच्या अकादमीतला हा पोरगा 2012 मध्ये जवळपास फुकटात इटलीच्या युव्हेंटसला गेला. 2016 मध्ये त्याच युनायटेडने त्याला साडेदहा कोटी युरो देऊन परत आणलं. तेव्हाचा तो जागतिक विक्रम. त्याचा एजंट मिनो रायोला याला सगळ्या बाजूंनी मिळून सुमारे 4 कोटी 90 लाख युरो मिळाल्याच्या बातम्या पुढच्या वर्षी फुटलेल्या कागदपत्रांवरून आल्या. विकणाऱ्याकडून, घेणाऱ्याकडून आणि खेळाडूकडूनही. आणि 2022 मध्ये करार संपल्यावर पोग्बा पुन्हा फुकटात युव्हेंटसला गेला. आता यात शहाणा कोण ठरला, ते तुम्हीच ठरवा.

एकाच सौद्यात दोन्हीकडून दलाली? यावर कोणाचा लगाम नाही?

फिफाने घालून पाहिला. 2015 मध्ये तिनेच परवान्याची अट काढून टाकली होती, मग कोणीही उठून एजंट झाला. खेळाडूचा काका, मेव्हणा, ड्रायव्हर, सगळे. नंतर चूक उमगली आणि नवे नियम आले: परवाना सक्तीचा, त्यासाठी परीक्षा, आणि दलालीला मर्यादा. खेळाडूच्या एजंटला वर्षाच्या पगारावर 3 टक्के, पगार 2 लाख डॉलरपर्यंत असेल तर 5 टक्के. विकणाऱ्या क्लबाच्या एजंटला ट्रान्सफर फीच्या 10 टक्के. ऑक्टोबर 2023 पासून हे पूर्ण लागू व्हायचं होतं.

एजंट कोर्टात गेले. इंग्लंडमध्ये लवादाने ही मर्यादा स्पर्धा कायद्याविरुद्ध ठरवली, जर्मनीच्या कोर्टाने मनाई दिली, आणि 30 डिसेंबर 2023 ला फिफाने मर्यादेचे नियम जगभर स्थगित केले. परवाना आणि परीक्षा मात्र राहिली. हे तुमच्या कामाचं आहे, पुढे येतंय.

क्लब इतका खर्च करून बुडत कसे नाहीत?

काही बुडतातही. बाकीच्यांच्या मदतीला हिशेबाची वही येते. 10 कोटी पौंडांचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर वहीत दरवर्षी 2 कोटी खर्च दिसतो. आठ वर्षांचा करार केला तर सव्वा कोटीच. चेल्सीने 2023 च्या जानेवारीत एन्झो फर्नांडेझ आणि मुद्रिक यांना साडेआठ-साडेआठ वर्षांचे करार दिले ते याचसाठी. मग युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, आणि पुढे प्रीमियर लीगनेही हा खर्च वाटून दाखवायला पाच वर्षांची मर्यादा घातली.

उलट विक्रीचा नफा एकदम एकाच वर्षात दाखवता येतो. आणि अकादमीत वाढलेल्या पोराची खरेदी किंमत शून्य, म्हणून तो विकला की सगळाच नफा. त्यामुळे क्लब आपल्या गावची, लहानपणापासून तिथेच वाढलेली पोरंच आधी विकायला काढतात. मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

भारतात काय स्थिती आहे?

आपल्याकडे ट्रान्सफर फी हा प्रकारच लहान. बरेचसे खेळाडू करार संपल्यावर क्लब बदलतात किंवा उसनवारीवर जातात. पण भांडणं मोठी होऊ लागली आहेत. 2024 मध्ये बचावपटू अन्वर अली मोहन बागान सोडून ईस्ट बंगालला गेला. मूळ क्लब दिल्ली एफसी, तिथून तो बागानकडे उसनवारीवर होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली आणि अन्वर, दिल्ली एफसी व ईस्ट बंगाल या तिघांनी मिळून बागानला 12 कोटी 90 लाख द्यावेत असं सांगितलं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि समितीला आदेश मागे घेऊन पुन्हा सुनावणी घ्यावी लागली.

आणि हेही माहीत असू द्या: जुलै 2025 मध्ये इंडियन सुपर लीगच्या आयोजकांनी येणारा हंगामच थांबवून ठेवला, कारण महासंघाशी असलेला त्यांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता. काही क्लबांनी पगार बंद केले. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या खेळाडूंची ही गत. तेव्हा ‘पोरगा आयएसएलमध्ये गेला की झालं’ या हिशेबावर शेत गहाण टाकू नका.

माझा पोरगा 14 वर्षांचा आहे. त्याला एजंट लागेल का?

नाही.

सर, पोट्ट्याले एक जण भेटला, म्हन्ते युरोपात ट्रायल लावून देतो, दोन लाख भरा. भरू का?

नका भरू. आता कारण सांगतो, कारण नुसतं ‘नका भरू’ म्हटलं की पालकांना वाटतं सर जळतात.

वर जेवढे सौदे सांगितले ते पुन्हा पाहा. प्रत्येकात पैसा क्लबाकडून निघतो. क्लब दुसऱ्या क्लबाला देतो, क्लब एजंटला देतो, क्लब खेळाडूला देतो. खेळाडूने एजंटला दिले तरी ते क्लबाने दिलेल्या पगारातून. बापाच्या खात्यातून एजंटच्या खात्यात पैसा गेला, असा एकही खरा सौदा नसतो. पैसा उलट्या दिशेने वाहायला लागला की समजायचं, इथे विकला जाणारा माल म्हणजे तुमची आशा.

असं एक ‘निवड पत्र’ एका पालकाने मला मोबाइलवर दाखवलं. वर स्पेनमधल्या क्लबाचं बोधचिन्ह, पण इंटरनेटवरून उचललेलं, कडा फाटल्यासारख्या. जांभळा गोल शिक्का, त्यात दिल्लीचा पत्ता. पोराचं नाव वेगळ्या टाइपात चिकटवलेलं, आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. खाली यादी: नोंदणी, किट, विमा, व्हिसा फाईल, ‘क्लब कन्फर्मेशन’, प्रत्येकासमोर रक्कम. शेवटी क्यूआर कोड, आणि स्कॅन केल्यावर क्लबाचं नाही तर कोणा माणसाचं नाव. ‘तीन दिवसांत भरा, जागा दोनच’ हे लाल अक्षरात. तुरीचे पैसे हातात आलेल्या महिन्यातच असली पत्रं येतात, हा योगायोग मला तरी वाटत नाही.

त्या पालकाला मी एवढंच म्हटलं, की याच क्लबाच्या अधिकृत वेबसाइटवरच्या पत्त्यावर हे पत्र पाठवून विचारा. त्यांनी ते पोराकडून पाठवून घेतलं. एजंटला हे सांगताच त्याचा फोन लागेनासा झाला.

पण खरंच एखाद्या परदेशी क्लबाने 15 वर्षांच्या पोराला घेतलं तर?

फिफाचा नियम: 18 वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी करता येत नाही. अपवाद थोडे. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, किंवा घर आणि क्लब सीमेला अगदी लागून असतील, असे. युरोपातल्या युरोपात 16 पासून चालतं, पण ते आपल्याला लागू नाही. बार्सिलोनासारख्या क्लबाला हा नियम मोडल्याबद्दल 2014 मध्ये शिक्षा झाली, दोन खिडक्या नवा खेळाडू नोंदवायला बंदी. तेव्हा 15 वर्षांच्या मोर्शीच्या पोराला ‘करार’ देणारा कोणी असेल, तर त्याने एकतर नियम वाचलेला नाही किंवा तुम्ही वाचला नसेल असं त्याला वाटतं.

खरा एजंट ओळखायचा कसा?

परवाना माणसाला मिळतो, कंपनीला नाही. म्हणून ‘आमची कंपनी फिफा मान्यताप्राप्त आहे’ हे वाक्य ऐकलं की फोन ठेवायला हरकत नाही. फिफाच्या वेबसाइटवर परवानाधारकांची यादी आहे, आधार कार्डावरचं नाव मागा आणि त्यात शोधा. परीक्षा 20 प्रश्नांची, एका तासाची, 75 टक्के लागतात. एप्रिल 2023 च्या पहिल्या परीक्षेला बसलेल्यांपैकी जेमतेम अर्ध्यांहून थोडे जास्त पास झाले, म्हणजे अगदीच नावापुरती नाही.

परवाना असला तरी अल्पवयीन पोराशी त्याला वाटेल तेव्हा बोलता येत नाही. त्या देशात पहिला व्यावसायिक करार करता येण्याच्या वयाला सहा महिने उरले की मगच, आणि तेही पालकांची लेखी संमती घेऊन. शाळेच्या फाटकाशी उभं राहून पोराला चॉकलेट आणि इन्स्टावरचे फोटो दाखवणारा तिथेच नापास झाला.

गावच्या क्लबाला यातलं काही मिळतं का? की सगळं मोठ्यांनीच खायचं?

मिळू शकतं, आणि हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय बदलीत ट्रान्सफर फीच्या 5 टक्के रक्कम खेळाडूला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायची असते. 12 ते 15 या वयातल्या प्रत्येक हंगामाला फीच्या पाव टक्का, 16 ते 23 मधल्या प्रत्येक हंगामाला अर्धा टक्का. आमच्या मैदानावर 12 ते 15 या वयातले चार हंगाम घालवलेला पोरगा पुढे कधी 1 कोटी फीवर परदेशी गेला, तर या मैदानाचा हक्क 1 लाखाचा. ऐकायला किरकोळ. पण आमचे गोलपोस्ट बांबूचे आहेत आणि जाळी संत्र्याच्या बगीच्यातून आणलेल्या जुन्या नेटची, त्या हिशेबाने लाख रुपये मोजा. याखेरीज पहिला व्यावसायिक करार झाला की प्रशिक्षणाची भरपाई वेगळी असते. हे पैसे पोहोचवायला फिफाने 2022 च्या नोव्हेंबरपासून पॅरिसमध्ये वेगळं क्लिअरिंग हाऊसही सुरू केलं.

अडचण एकच: नोंद. खेळाडू कोणत्या वर्षी कोणत्या क्लबात होता हे महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत दिसायला हवं, आणि क्लब जिल्हा संघटनेमार्फत राज्याच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी जोडलेला हवा. आमच्याकडची बहुतेक मंडळं गणपतीची वर्गणी करतात तशी टीम करतात. स्पर्धा आली की टीशर्ट छापायचे, संपली की विसरायचं. पोरगा चार वर्षं इथे घाम गाळतो आणि कागदावर त्याचं फुटबॉल नागपूरला गेल्यावर सुरू होतं. कामठीसारख्या जुन्या फुटबॉलच्या गावात नोंदणीची सवय तरी आहे, तालुक्याच्या गावांत तीही नाही.

मग पोरगं खरंच चांगलं खेळत असेल तर पाठवायचं कुठं?

जिथे निवड झाल्यावर पैसे मागत नाहीत तिथे. शालेय स्पर्धांतून जिल्हा, विभाग, राज्य ही वाट हळू आहे, पण खरी आहे. टाटांनी 1987 मध्ये जमशेदपूरला सुरू केलेली अकादमी, आयएसएल क्लबांचे कुमार संघ, साईची (भारतीय क्रीडा प्राधिकरणाची) केंद्रं, यांच्या चाचण्या त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाहीर होतात. एजंट मधे लागत नाही. जायचं भाडं आणि दोन दिवसांचा डबा, एवढाच खर्च.

पैसे घेणाऱ्या अकादम्या सगळ्या फसव्या असतात असं नाही. खेळ शिकवण्याची फी घेणं वेगळं. ‘फी भरा, क्लब आम्ही मिळवून देतो’ हे वेगळं.

मी आधीच सही करून बसलोय. आता?

करार मराठीत किंवा हिंदीत समजावून मागा आणि तुमची प्रत घ्या. ‘प्रत ऑफिसात आहे’ हे उत्तर चालत नाही. एजंटशी केलेला करार फिफाच्या नियमाने दोन वर्षांहून जास्त असू शकत नाही. आपोआप वाढणारा करार लिहिला असेल तर त्यावर बोट ठेवा. पोरगा 18 च्या खाली असेल आणि सही त्याच्या एकट्याची असेल, तर भारतीय करार कायद्यात तिला अर्थ नाही. कोरा स्टॅम्प पेपर किंवा कोरा चेक दिला असेल तर तालुक्याच्या वकिलाकडे जा, आणि चेकचं पेमेंट बँकेत थांबवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितकी लवकर, तितकी रक्कम गोठण्याची शक्यता जास्त.

तुमच्याकडे नाव घालायला काय लागतं?

जन्माचा दाखला, आधारची झेरॉक्स, दोन फोटो आणि आई किंवा वडील, दोघांपैकी एक जण स्वतः. नोंदणी पोरासमोर, पालकांच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन होते आणि तिची प्रिंट तुम्हाला मिळते, ती सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवली तरी चालेल. बूट नसले तरी पहिला महिना चालतं. पावसाळ्यात मैदान चिखलाचं असतं, तेव्हा सराव शाळेच्या शेडमध्ये.